नोंदीपासून उपचारापर्यंत : पक्षाघात व हृदयविकारातील ‘जोखीम घटक’ या संकल्पनेची ऐतिहासिक वाटचाल

गोषवारा

पक्षाघात आणि हृदयविकार या दोन व्याधींचा विचार आज ‘जोखीम घटक’ या संकल्पनेवाचून करता येत नाही. उच्च रक्तदाब, धूम्रपान, रक्तातील कोलेस्टेरॉल, मधुमेह ही नावे आता वैद्यकाच्या पुस्तकांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. ती सर्वसामान्य माणसाच्या बोलण्यातही रुळली आहेत. तथापि ही संकल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास घडली. तिच्या जडणघडणीत एका राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू, मॅसॅच्युसेट्समधील एका गावाचे सहकार्य, विमा व्यवसायातील आकडेमोड आणि मुंबईतील एका वैद्याने अभ्यासलेली वनस्पती या सर्वांचा वाटा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात १९३१ ते २०१५ या कालखंडातील या वाटचालीचा आढावा घेतला असून, धोका ओळखण्याचे ज्ञान आणि रुग्णाची प्रत्यक्ष फलनिष्पत्ती यांत पडलेल्या अंतराची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : जोखीम घटक, फ्रेमिंगहॅम, उच्च रक्तदाब, पक्षाघात, हृदयविकार, सर्पगंधा, आरोग्यातील विषमता.

प्रस्तावना

रोगाचे कारण म्हणजे एखादा विशिष्ट जंतू, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनाने दृढ झाली. क्षय, पटकी, घटसर्प या रोगांच्या बाबतीत ती यशस्वीही ठरली. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्य औद्योगिक देशांत संसर्गजन्य रोगांनी होणारे मृत्यू जसजसे कमी होत गेले, तसतसे हृदयविकार व पक्षाघात हे मृत्यूचे प्रमुख कारण म्हणून पुढे येऊ लागले. या व्याधींना एकच एक जंतू नव्हता. धडधाकट दिसणारा माणूस अचानक छातीत कळ येऊन कोसळे किंवा सकाळी उठताना त्याचे अर्धे अंग लुळे पडलेले असे. या घटनांकडे वार्धक्याचा अटळ परिणाम किंवा दैवगती म्हणून पाहिले जात असे.

अशा व्याधींचा विचार ‘कारण’ या शब्दाऐवजी ‘शक्यता’ या शब्दाने करावयाचा, ही वैद्यकीय विचारातील एक क्रांतीच होय. अमुक एका घटकामुळे रोग होतोच असे नाही. परंतु तो घटक असलेल्या समूहात रोगाचे प्रमाण अधिक आढळते. हे विधान व्यक्तीविषयी नसून समूहाविषयी आहे. या विचारपद्धतीचा उगम, विकास आणि तिच्या मर्यादा यांचा इतिहास समजून घेणे हे केवळ वैद्यकाच्याच नव्हे, तर समाजशास्त्र, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र यांच्या अभ्यासकांनाही उपयुक्त ठरेल.

रक्तदाब : मोजता आला, पण समजला नाही

इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण तयार केले. रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकू येणाऱ्या ध्वनींचे वर्णन केले. त्यामुळे वरचा आणि खालचा असे रक्तदाबाचे दोन्ही आकडे सहज मिळू लागले. या साधनाचे मोल अमेरिकेतील विमा कंपन्यांनी फार लवकर ओळखले. विमा उतरवणाऱ्यांच्या तपासणीत त्यांनी रक्तदाबाचा समावेश केला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच त्यांच्या कोष्टकांवरून स्पष्ट झाले की, ज्यांचा रक्तदाब अधिक, त्यांचे आयुर्मान कमी. हप्ता ठरवण्यासाठी विमातज्ज्ञांना एवढी माहिती पुरेशी होती.

वैद्यकाचे मत मात्र याच्या उलट दिशेने जात होते. धमन्या कठीण झाल्यावर मेंदूला व मूत्रपिंडांना पुरेसे रक्त पोहोचावे म्हणून शरीरच रक्तदाब वाढवते, तेव्हा तो आवश्यकच आहे, अशी त्या काळातील समजूत होती. इंग्रजीत उच्च रक्तदाबाला ‘इसेन्शियल’ हे विशेषण चिकटले, त्यामागे हीच छटा होती. बॉस्टनचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी १९३१ मध्ये, वाढलेला रक्तदाब ही भरपाई करणारी महत्त्वाची यंत्रणा असू शकते आणि तो खाली आणता आला तरी त्यात हस्तक्षेप करू नये, अशा आशयाचे मत मांडले. त्याच वर्षी इंग्लंडमधील जॉन हे यांनी, रक्तदाब सापडणे हाच रुग्णाला खरा धोका, कारण तो सापडला की कोणीतरी तो कमी करायला धावतो, असा उपरोधिक इशारा दिला. ही मते त्या काळातील अग्रगण्य वैद्यांची होती, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. अर्थात त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद होता. रक्तदाब सुरक्षितपणे खाली आणणारे औषधच तेव्हा त्यांच्या हाती नव्हते.

एका राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू

या समजुतीची किंमत किती मोठी होती, याचे सर्वाधिक ज्ञात उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे होय. त्यांचा रक्तदाब १९३५ मध्ये १३६/७८ होता. १९३७ मध्ये तो १६२/९८ वर आणि १९४१ मध्ये १८८/१०५ वर पोहोचला. त्यांचे खासगी वैद्य रॉस मॅकिन्टायर हे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते. ते वेळोवेळी राष्ट्राध्यक्षांची प्रकृती उत्तम असल्याचे सांगत राहिले. मार्च १९४४ मध्ये बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी रूझवेल्ट यांना तपासले. तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता, हृदय मोठे झाले होते आणि हृदयाची कार्यक्षमता खालावल्याची लक्षणे दिसत होती. ब्रून यांनी डिजिटॅलिस, विश्रांती व मिठावर नियंत्रण असे उपचार सुचवले. त्यांच्याजवळ याहून अधिक काही नव्हते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे चर्चिल व स्टालिन यांच्याबरोबर युद्धोत्तर जगाची मांडणी करण्यासाठी ते बसले, तेव्हा त्यांची प्रकृती ढासळलेली होती. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे डोके असह्य दुखत असल्याचे सांगून ते कोसळले. त्या वेळी घेतलेल्या नोंदीत रक्तदाब ३०० च्याही वर गेला होता. मेंदूतील रक्तस्रावाने वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. हा मृत्यू अनपेक्षित असल्याचे तेव्हा जाहीर करण्यात आले. ब्रून यांनी १९७० मध्ये या सर्व नोंदी प्रसिद्ध केल्यानंतर, दहा वर्षे आकडे सातत्याने चढत असूनही त्यांचा अर्थ कोणी लावला नव्हता, हे सर्वांसमोर आले. जगातील सर्वांत सामर्थ्यवान व्यक्तीलाही त्या काळातील वैद्यक वाचवू शकले नाही. येथे प्रश्न सोयीसुविधांच्या अभावाचा नसून ज्ञानाच्या आणि औषधाच्या अभावाचा होता. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा ठरणार आहे.

फ्रेमिंगहॅम : एका गावाची नोंदवही

रूझवेल्ट यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या हॅरी ट्रुमन यांनी १६ जून १९४८ रोजी राष्ट्रीय हृदय अधिनियमावर स्वाक्षरी केली. त्यातून नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. त्याच सुमारास अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने हृदयविकाराच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी बॉस्टनच्या पश्चिमेस सुमारे वीस मैलांवरील फ्रेमिंगहॅम हे गाव निवडले. गावाची लोकसंख्या साधारण २८ हजार होती. यापूर्वी १९१७ ते १९२३ या काळात येथे क्षयरोगविषयक एक सामुदायिक प्रकल्प झाला होता, त्यामुळे गावकऱ्यांना अशा कामाची ओळख होती. गिल्सिन मीडर्स यांनी प्रारंभीची उभारणी केली. नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटने १९४९ मध्ये जबाबदारी स्वीकारल्यानंतर थॉमस डॉबर यांच्याकडे संचालकपद आले व ते १९६६ पर्यंत त्यांच्याकडे राहिले.

अभ्यासाची रचना तिच्या साधेपणामुळेच प्रभावी ठरली. तीस ते साठ या वयोगटातील प्रौढांचा नमुना निवडून सुमारे साडेसहा हजार जणांना निमंत्रण देण्यात आले. त्यांपैकी ४,४६९ जण आले. त्यांत ७४० स्वयंसेवकांची भर पडून एकूण संख्या ५,२०९ झाली. यांपैकी २,८७३ स्त्रिया होत्या. हृदयविकार हा पुरुषांचा रोग मानला जाण्याच्या त्या काळात निम्म्याहून अधिक स्त्रियांचा समावेश ही विशेष उल्लेखनीय बाब म्हणावी लागेल. दर दोन वर्षांनी प्रत्येकाचा रक्तदाब, वजन, रक्तातील कोलेस्टेरॉल, हृदयाचा विद्युत आलेख आणि धूम्रपानादी सवयी नोंदवल्या जात. नंतर कोणाला रोग झाला व कोणाला झाला नाही, याची वाट पाहिली जाई. रोग झाल्यावर मागे वळून कारणे शोधण्याऐवजी, निरोगी असतानाच नोंद ठेवून पुढे पाहत जाणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. येथे संशोधक उपचार करीत नसत. निष्कर्ष गावातील वैद्यांना कळवले जात. गावकऱ्यांना या कामातून तत्काळ लाभ नव्हता. तरीही दोन-दोन वर्षांनी ते येत राहिले. या अभ्यासाचे श्रेय शास्त्रज्ञांइतकेच या सामान्य स्त्री-पुरुषांना द्यावे लागते.

रक्तदाब व हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा पहिला महत्त्वाचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. विल्यम कॅनेल, डॉबर व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये सहा वर्षांच्या निरीक्षणांवर आधारित निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच ‘जोखमीचे घटक’ हा शब्दप्रयोग होता आणि तेथूनच तो वैद्यकाच्या भाषेत स्थिरावला. १९६७ मध्ये जीन ट्रुएट, जेरोम कॉर्नफील्ड व कॅनेल यांनी वय, कोलेस्टेरॉल, वजन, रक्तदाब, धूम्रपान इत्यादी घटकांचा एकत्रित परिणाम मोजण्याची संख्याशास्त्रीय रीत वापरली. एकेक घटक सौम्य असला तरी अनेक सौम्य घटक एकत्र आल्यास धोका मोठा होतो, हे त्यामुळे आकड्यांत मांडता आले. विमा कंपन्यांची जुनी आकडेमोड येथे नव्या रूपात वैद्यकात परतली, असे म्हणता येईल. फरक इतकाच की तेथे प्रश्न हप्त्याचा होता, येथे जीविताचा.

पक्षाघाताच्या बाबतीतही फ्रेमिंगहॅमचे योगदान तितकेच मूलगामी आहे. उच्च रक्तदाब हा पक्षाघाताचा प्रमुख जोखीम घटक असल्याचे १९७० मध्ये प्रस्थापित झाले. खालचा आकडाच महत्त्वाचा, वरचा आकडा वयोमानानुसार वाढतोच, ही रूढ धारणाही याच सुमारास डळमळीत झाली. फिलिप वुल्फ व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, झडपांचा संधिवातजन्य विकार नसतानाही हृदयाच्या आलिंदांची लय बिघडलेली असल्यास, म्हणजेच ॲट्रियल फिब्रिलेशन असल्यास, पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूपर्यंत जाऊ शकते, ही बाब त्यामुळे अधोरेखित झाली. हृदयविकार व पक्षाघात या स्वतंत्र तज्ज्ञशाखांच्या व्याधी मुळाशी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे समूहाच्या नोंदवहीतून प्रकट झाले.

हा अभ्यास वीस वर्षांत संपवण्याचा मूळ आराखडा होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शासकीय निधी थांबण्याची वेळ आली, तेव्हा बॉस्टन विद्यापीठाच्या साहाय्याने व खासगी देणग्यांच्या आधारे तो तगला. १९७१ पासून मूळ सहभागींची मुले व त्यांचे जोडीदार, तर २००२ पासून नातवंडे त्यात सामील झाली. प्रारंभीचा समूह जवळजवळ पूर्णतः युरोपीय वंशाचा होता. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये अन्य वंशगटांतील रहिवाशांचा स्वतंत्र गट जोडण्यात आला.

सर्पगंधेचा प्रवास : मुंबई ते बॉस्टन

धोका ओळखला, तरी तो कमी करता येतो का, हा प्रश्न शिल्लक होता. निरीक्षणातून संबंध दिसतो. तो संबंध तोडल्यास रुग्ण वाचतो, हे प्रयोगानेच सिद्ध करावे लागते. त्यासाठी औषध हवे होते. या टप्प्यावर भारतीय योगदानाचा प्रवेश होतो.

सर्पगंधेच्या मुळांचा उपयोग भारतीय वैद्यकपरंपरेत दीर्घकाळापासून होत आला आहे. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये, वाढलेल्या रक्तदाबावर व उन्मादावर तिचा परिणाम होत असल्याचे नोंदवले. ज्या वर्षी व्हाइट व हे रक्तदाबास हात न लावण्याचा सल्ला देत होते, त्याच वर्षी कलकत्त्यात तो खाली आणणारी वनस्पती अभ्यासली जात होती, हा इतिहासातील लक्षणीय योगायोग होय. पुढे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये पन्नास रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेकांचा रक्तदाब सर्पगंधेने उतरला होता. या निबंधामुळे पाश्चात्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी तिचा वापर अमेरिकेत सुरू केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. फ्रेमिंगहॅममध्ये रक्तदाब मोजला जात असताना, तेथून वीस मैलांवरील बॉस्टनमध्ये भारतीय मुळीने तो उतरवण्याचे प्रयोग चालू होते. या दोन प्रवाहांचा संगम पुढील दशकात झाला.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली एक नियंत्रित चाचणी घेण्यात आली. तीत हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझिन आणि रेसर्पिन या औषधांचा एकत्रित वापर केला गेला. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना खरी औषधे व काहींना निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या गटात २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली होती व चार जण दगावले होते, तर उपचार घेणाऱ्या गटात केवळ दोघांना गंभीर गुंतागुंत झाली व एकही मृत्यू झाला नव्हता. त्याहून सौम्य रक्तदाबाच्या ३८० पुरुषांवरील भाग १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पक्षाघाताच्या घटना उपचाराविना गटात २०, तर उपचारित गटात ५ होत्या. रक्तदाब ही शरीराची उपयुक्त भरपाई आहे, ही समजूत येथे संपुष्टात आली. रेसर्पिन पुढे त्याच्या दुष्परिणामांमुळे मागे पडले आणि नवी औषधे आली. परंतु उच्च रक्तदाबावरील उपचाराने प्राण वाचतात, हे सिद्ध करणाऱ्या पहिल्या औषधयोजनेत त्याचे स्थान होते, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे.

घटनेनंतरचे तास

जोखीम घटकांचा विचार हा घटनेपूर्वीचा विचार आहे. घटना घडल्यानंतर रुग्णाचे काय होते, हा स्वतंत्र प्रश्न आहे. १९८० च्या दशकापर्यंत तीव्र हृदयविकारात विश्रांती, वेदनाशमन आणि लयबिघाडावर लक्ष ठेवणे एवढेच मुख्यतः हाती होते. १९८६ मध्ये इटलीतील ‘गिस्सी’ या चाचणीने, गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजमुळे तीन आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर येत असल्याचे दाखवले. १९८८ मधील ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज व ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतील हृदय-रक्तवाहिन्याजन्य मृत्यू ८ टक्के, तर दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के आढळले. ॲस्पिरिनसारख्या अत्यंत स्वस्त गोळीचे मोल त्यातून प्रस्थापित झाले.

पक्षाघाताच्या बाबतीत अडचण अधिक होती. गुठळीमुळे झालेला पक्षाघात आणि रक्तस्रावामुळे झालेला पक्षाघात बाहेरून सारखेच दिसतात. मात्र एकास उपकारक ठरणारे औषध दुसऱ्यास घातक ठरते. १९७१ मध्ये लंडनजवळ पहिल्यांदा रुग्णावर वापरल्या गेलेल्या सीटी स्कॅनने हा भेद रुग्ण जिवंत असताना खात्रीने करणे शक्य झाले. १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने, लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत अल्टेप्लेज दिल्यास तीन महिन्यांनंतर अपंगत्वाविना राहणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे दाखवून दिले. त्यानंतर ‘वेळ’ हाच एक निर्णायक घटक बनला. परंतु तीन तासांत रुग्णालय गाठणे, तेथे सीटी स्कॅन असणे, तज्ज्ञ हजर असणे आणि औषध परवडणे या अटी पूर्ण करणारे रुग्ण किती, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेतून समाजव्यवस्थेच्या कक्षेत जातो.

या दोन्ही मार्गांचे सापेक्ष महत्त्व किती, याचे उत्तर २००७ मध्ये अमेरिकेतील एका विश्लेषणाने दिले. १९८० ते २००० या काळात तेथे हृदयरोहिणीविकाराच्या मृत्यूंत जी घट झाली, तिच्यातील सुमारे ४७ टक्के वाटा उपचारांचा व ४४ टक्के वाटा जोखीम घटकांतील बदलांचा होता. म्हणजे प्रतिबंध आणि उपचार ही जवळजवळ समान बळाची दोन चाके आहेत. एक चाक नसेल, तर गाडी चालत नाही.

भारतीय संदर्भ : कमी जोखीम, अधिक मृत्यू?

फ्रेमिंगहॅमचे निष्कर्ष एका समृद्ध अमेरिकी गावाचे होते. ते इतरत्र लागू पडतात का, याची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने केली. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात ५२ देशांतील १५,१५२ रुग्ण व १४,८२० निरोगी व्यक्ती यांची तुलना करण्यात आली. धूम्रपान, रक्तातील मेदघटक, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे व भाज्या यांचे सेवन, व्यायाम आणि मद्यपान या नऊ बाबींनी पुरुषांतील ९० टक्के व स्त्रियांतील ९४ टक्के जोखीम स्पष्ट होते, असे दिसून आले. दक्षिण आशियातही घटक तेच होते. मात्र हृदयविकाराचा पहिला झटका येथे सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतरत्र जवळपास ५९ व्या वर्षी येत असल्याचे २००७ मध्ये निदर्शनास आले. संसाराची जबाबदारी खांद्यावर असतानाच कर्ता माणूस आजारी पडतो, हा याचा सामाजिक अर्थ होय.

परंतु घटक समान असले, तरी फलनिष्पत्ती समान नसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या नोंदणी-अभ्यासात भारतातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक तीव्र हृदयविकाराच्या रुग्णांची माहिती संकलित झाली. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण गरीब रुग्णांत ८.२ टक्के, तर श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के होते. या अभ्यासाचा सर्वांत मार्मिक निष्कर्ष पुढे आहे. रुग्णांच्या जोखीम घटकांतील फरक जमेस धरूनही ही तफावत नाहीशी होत नव्हती. मिळालेल्या उपचारांतील फरक जमेस धरल्यावर मात्र ती नाहीशी झाली. अर्थात गरीब रुग्ण अधिक मरत होते ते त्यांच्या सवयींमुळे नव्हे, तर त्यांना उपचार कमी मिळाल्यामुळे. २०१४ मध्ये ‘प्युअर’ या १७ देशांतील दीड लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासाने हेच चित्र जागतिक पातळीवर मांडले : अल्प उत्पन्नाच्या देशांत जोखीम घटकांचा भार कमी असूनही गंभीर घटना व मृत्यू अधिक होते, तर संपन्न देशांत जोखीम अधिक असूनही मृत्यू कमी होते.

महाराष्ट्रापुरते पाहता, गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यास विशेष उद्बोधक आहे. अभय व राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले; सुमारे १४ टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू घरीच घडले होते. हृदयविकार व पक्षाघात हे शहरी, सुखवस्तू वर्गाचे आजार आहेत, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. भात, तेंदूपाने आणि मजुरी यांवर जगणाऱ्या प्रदेशातील माणूस ज्या व्याधीने मरत होता, ती नेमकी रूझवेल्ट यांची व्याधी होती. मात्र दोन्ही मृत्यूंत एक मूलभूत फरक आहे. १९४५ मध्ये रक्तदाबावर औषधच नव्हते. २०११ मध्ये ते काही रुपयांत मिळत होते; ते रुग्णापर्यंत पोहोचलेले नव्हते, अथवा आपला रक्तदाब वाढला आहे हेच त्याला ठाऊक नव्हते.

शासनस्तरावर २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उच्च रक्तदाबाचे निदान व नियमित औषधपुरवठा यांवर भर देणारा स्वतंत्र उपक्रमही नंतर हाती घेण्यात आला आणि त्याच्या आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. उपकेंद्रावर रक्तदाब मोजणे, नोंदवहीत नाव लिहिणे, महिन्याची गोळी गावातच देणे आणि न आलेल्या रुग्णाच्या घरी जाणे, अशा साध्या कामांवर या कार्यक्रमांचे यश अवलंबून आहे.

संकल्पनेची मर्यादा

‘जोखीम घटक’ या संकल्पनेवर दोन आक्षेप विचारार्ह आहेत. पहिला असा की, समूहावरून काढलेला अंदाज व्यक्तीला लावताना चूक संभवते. फ्रेमिंगहॅमवरून तयार झालेली गुणांकन-कोष्टके काही समाजांत धोका वाढवून, तर काहींत घटवून दाखवतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. धूम्रपान, आहार, व्यायाम यांची यादी पुढे ठेवली की रोगाची जबाबदारी रुग्णावर टाकणे सोपे जाते. तंबाखू कोण पिकवतो व विकतो, ताजी भाजी कोणाला परवडते, रात्रपाळीच्या कामगाराने व्यायाम केव्हा करावा, हे प्रश्न त्या यादीत येत नाहीत. ‘क्रिएट’ व ‘प्युअर’ यांचे निष्कर्ष या संदर्भात महत्त्वाचे ठरतात, कारण त्यांनी व्यक्तीच्या सवयींबरोबरच व्यवस्थेची जबाबदारीही आकड्यांत दाखवून दिली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. १) रक्तदाब मोजण्याचे साधन आणि त्याचा अर्थ लावण्याची दृष्टी यांत सुमारे अर्धशतकाचे अंतर पडले, माहिती उपलब्ध असणे म्हणजे ज्ञान असणे नव्हे. २) ‘जोखीम घटक’ ही संकल्पना वैद्यक, संख्याशास्त्र, विमा व्यवसाय आणि सामान्य नागरिकांचे सहकार्य यांच्या संयोगातून घडली. ३) उच्च रक्तदाबावरील परिणामकारक उपचाराच्या सिद्धतेत सर्पगंधेचा, आणि पर्यायाने कलकत्ता व मुंबई येथील संशोधकांचा, स्पष्ट वाटा आहे. ४) जोखमीचे ज्ञान व तातडीचे उपचार या दोहोंमुळे मृत्यू जवळपास सारख्याच प्रमाणात घटतात. ५) भारतातील रुग्णांच्या फलनिष्पत्तीतील विषमता मुख्यत्वे उपचारांच्या उपलब्धतेशी निगडित आहे.

फ्रेमिंगहॅमच्या नोंदवहीने धोका कोणाला, हे सांगितले. गडचिरोलीच्या नोंदीने, तो धोका माहीत असूनही कोण वाचत नाही, हे सांगितले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास विज्ञानाला काही दशके लागली. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी नव्या शोधाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. ते हातातील ज्ञान शेवटच्या गावापर्यंत नेण्याच्या सामाजिक निश्चयावर अवलंबून आहे.